पुठ्ठ्याचा चष्मा

माझ्या हातून चूक होत नाही, असं आमच्या प्रयोगशाळेत सगळे म्हणतात. तसं म्हणायला सुरुवात मीच केली होती. अठ्ठावीस वर्षं मी इथे काचसामान धुते, द्रावणं बनवते, मोडलेलं जोडते आणि हरवलेलं शोधते. माझ्या हुद्द्याचं नाव लांबलचक आहे, पण सगळे मला काकू म्हणतात. विद्यार्थी येतात, पदवी घेतात आणि जाताना म्हणतात, "काकू, तुमच्याशिवाय झालं नसतं." मी म्हणते, "हो, नसतंच झालं." खोटा विनय मला जमत नाही. म्हणून ही गोष्ट मीच सांगितलेली बरी. दुसऱ्या कुणी सांगितली तर तिखटमीठ लावून सांगेल.

गोष्ट भिंगरीची आहे. भिंगरी हे नाव मी ठेवलं. संशोधनाला आली त्याच दिवशी ही पोरगी तीन मजले सहा वेळा चढली-उतरली आणि सहाव्यांदा खाली आल्यावर म्हणाली, "काकू, आपली खोली तळमजल्यावर आहे ना?" एका जागी बसून जेवायची नाही, बोलताना हात फिरवायची आणि हसायला लागली की खुर्चीसकट मागे जायची. दोन वेळा पडलीसुद्धा. मला ती पहिल्यापासून आवडायची, पण तसं दाखवलं की पोरं शेफारतात, म्हणून मी तिला जरा जास्तच ओरडायची.

तिचं काम काय ते सांगते, अवघड नाही. काही रेणू आपल्या हातांसारखे असतात. दोन्ही हातांना पाच-पाच बोटं, पण डाव्या हाताचा हातमोजा उजव्या हातात नीट बसत नाही. तसे एकाच पदार्थाचे डावे रेणू आणि उजवे रेणू. वजन तेच, उकळायचं तापमान तेच. कारखान्यात बनवले की बहुतेक वेळा दोन्ही निम्मे-निम्मे येतात. औषधात मात्र कधीकधी एकाच हाताचा रेणू उपयोगी पडतो, दुसरा नुसती अडगळ, क्वचित अपायही करतो. म्हणून ते वेगळे करायचे. आणि ते वेगळे करायला अशी वस्तू लागते जिला स्वतःला डावं-उजवं कळतं.

भिंगरी ती वस्तू बनवत होती. टीव्हीच्या पडद्यात द्रवस्फटिक असतो ना, तो घ्यायचा. त्याचे रेणू वाहतातही आणि रांगेतही राहतात. त्यात डाव्या हाताचा एक रेणू मिसळला की त्या रांगा गोल जिन्यासारख्या एका बाजूला वळत जातात. उजव्या हाताचा मिसळला की दुसऱ्या बाजूला. मग त्यावर अतिनील दिवा लावायचा. सगळं एकमेकांत गुंतून त्याचं जाळं तयार होतं आणि हातात येते एक पातळ, लवचीक पट्टी. वळण आहे तसंच तिच्यात पक्कं होतं. नंतर मिसळलेला रेणू धुऊन काढायचा. तो जातो, पण त्याची जागा उरते. त्या जागेत त्याच हाताचा रेणू पुन्हा येऊन बसेल, दुसऱ्या हाताचा बसणार नाही, अशी तिची कल्पना होती.

या पट्ट्यांना रंग लावलेला नसतो, तरी त्या रंगीत दिसतात. धुतलेली कोरी पट्टी हिरवी. तिने रेणू पिऊन घेतले की ती जरा फुगते आणि तांबडी होते. पहिली पट्टी झाली त्या दिवशी मी हातातलं काम टाकून अर्धा तास नुसती बघत उभी होते.

या पट्ट्या नीट जमायला अडीच वर्षं गेली. कधी तडकायच्या, कधी गढूळ व्हायच्या, कधी काचेला अशा चिकटायच्या की काचच फोडावी लागायची. शेवटी जमल्या. ऐंशी पट्ट्या झाल्या, चाळीस डाव्या आणि चाळीस उजव्या. दोन काचेच्या नळ्या घेतल्या, एकीत डाव्या गुंडाळून भरल्या, दुसरीत उजव्या. आता दोन्ही नळ्यांतून निम्मं डावं, निम्मं उजवं असं एक तेल पातळ करून सोडायचं. डाव्या नळीने डावे रेणू धरून ठेवायचे, उजव्या नळीने उजवे. खाली जे उरेल ते एका यंत्रात घालायचं. हे यंत्र त्यातून प्रकाशाचा किरण सोडतं आणि किरण किती वळला ते सांगतं. डावं जास्त असेल तर आकडा उणे येतो, उजवं जास्त असेल तर अधिक. दोन्ही सारखे असतील तर शून्य.

शून्य आला.

दोन्ही नळ्यांचा शून्य. नळ्या धुऊन पुन्हा केलं. शून्य. पाच आठवड्यांत सात वेळा केलं आणि सातही वेळा शून्य. पट्ट्या तर दर वेळी तांबड्या होत होत्या, म्हणजे तेल पीत होत्या. पण डावं-उजवं न बघता सरसकट पीत होत्या, असाच त्याचा अर्थ लागत होता.

आमच्या मॅडम, म्हणजे या प्रयोगशाळेच्या प्रमुख, वाईट स्वभावाच्या नाहीत. पण त्या बोलतात कमी आणि बोलल्या की ते माणसाच्या मनात जाऊन बसतं. सातव्या शून्यानंतर त्या भिंगरीला म्हणाल्या, "कल्पना मला अजूनही बरोबर वाटते. पट्ट्या करताना हात सारखा राहत नसेल. शुक्रवारी बसू आणि हे चालू ठेवायचं की दुसरा विषय घ्यायचा ते ठरवू."

दुसरा विषय म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. पण भिंगरीला लागलं ते हाताबद्दलचं. त्या दिवसापासून तिने बोलताना हात फिरवणं सोडलं. काचेचं भांडं उचलायच्या आधी आपल्या बोटांकडे बघायची. बुधवारी मी तिला विचारलं, "काय गं, बरं नाही का?" तर म्हणाली, "काकू, मी घरी जाते. आईला फोन केलाय. सामान घेऊन येते म्हणून सांगितलं. ती कपाट रिकामं करतेय माझ्यासाठी."

"आणि पदवी?"

"सगळ्यांच्या हातात सगळं नसतं ना."

मी तिला ओरडले. ओरडण्यापलीकडे मला काही सुचलं नाही, आणि घरी गेल्यावर मी जेवले नाही. आमचे हे म्हणाले, "तुझी स्वतःची पोर परीक्षेत नापास झाली होती तेव्हा तू दोन पोळ्या जास्त खाल्ल्या होत्यास." ते खरं होतं, त्यामुळे मला त्यांचाही राग आला.

गुरुवारी सकाळी तिने आठव्यांदा तेल सोडलं. शून्य. तिने यंत्र बंद केलं, नळ्या काढून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "काकू, या सोडवून टाकाल? मी मॅडमना पत्र लिहायला बसते." आवाज अगदी शांत होता. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

वापरलेली नळी रिकामी केल्याशिवाय कपाटात ठेवायची नाही, हा माझा नियम. धुण्याच्या खोलीत मी टेबलावर टिपकागद पसरला आणि पहिल्या नळीतल्या पट्ट्या एकेक उलगडून ओळीने मांडल्या. भरताना प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने क्रमांक घातला होता, त्याच क्रमाने. एक ते चाळीस. मग खालच्या ओळीत दुसऱ्या नळीतल्या एक ते चाळीस. ऐंशी तांबड्या पट्ट्या खिडकीच्या उजेडात इतक्या सुंदर दिसत होत्या की मला त्यांचाही राग आला.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. या खोलीचं दार आवाराच्या बाजूला उघडतं. बाहेर आमचे हे, हातात माझा डबा.

"घरी विसरलीस," ते म्हणाले.

"विसरले नाही. नको होता म्हणून ठेवला."

"बरं. मग आता हवा आहे का ते सांग."

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं पाव भाजले. भट्टीपासून चार घरं लांब उभं राहून कुठला पाव झाला आणि कुठल्याला दोन मिनिटं हवीत ते सांगायचे. निवृत्त झाल्यापासून हे नाक घरातच असतं आणि माझ्या प्रत्येक भाजीवर मत देतं. आताही त्यांनी दारातून मान आत घातली आणि हुंगलं.

"आत येऊ नका. इथे बाहेरच्या माणसाला परवानगी नाही."

"पाय बाहेरच आहेत. नाक तेवढं आलंय." त्यांनी पुन्हा हुंगलं. "पुदिना आणि शहाजिरे असे शेजारीशेजारी कुणी वाळत घालतं का गं? दोन्हीची वाट लागेल."

आता इथे एक सांगायला हवं. आम्ही वापरत होतो त्या तेलाची एक गंमत पुस्तकात लिहिलेली आहे. त्याच्या डाव्या रेणूंना पुदिन्याचा वास येतो आणि उजव्यांना शहाजिऱ्याचा. भिंगरीला माहीत होतं, मला माहीत होतं, मॅडमना तर होतंच. पण प्रयोगशाळेत कशाचाही वास घ्यायचा नाही, ही शिस्त. भिंतीवर मॅडमच्या सहीची पाटी आहे. शिवाय सगळं काम वाफा खेचणाऱ्या काचेच्या कपाटात चालायचं, त्यामुळे नाकापर्यंत काही यायचंच नाही. लाखमोलाचं यंत्र असताना नाकाला कोण विचारतो? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

मी म्हटलं, "अहो, मिसळलेला वास असेल तो. दोन्ही एकत्र आहेत त्यात."

"एकत्र कुठे आहेत? या टोकाला पुदिना आहे." त्यांनी दारातूनच वरच्या ओळीकडे बोट केलं. "आणि त्या टोकाला शहाजिरे. मी पावावर घालायचो ना, तेच."

अठ्ठावीस वर्षांत मी पहिल्यांदा नियम मोडला. मी त्यांना आत घेतलं. हातमोजे दिले, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि सांगितलं, कशाला हात लावायचा नाही, फक्त टेबलाच्या कडेने चाला. ते हात मागे बांधून, नाक पुढे काढून, पट्ट्यांपासून वीतभर अंतर ठेवून चालत गेले. वरच्या ओळीत पुदिना, पुदिना, पुदिना. मध्यावर ते थांबले, एक पाऊल मागे आले, पुन्हा पुढे गेले.

"इथे बदलला."

मी वाकून बघितलं. वीस आणि एकवीसच्या मधे.

खालची ओळ घ्यायला सांगितली. तिथे उलटं. आधी शहाजिरे, आणि वीस-एकवीसच्या मधून पुढे पुदिना.

मी दोन्ही जागी टिपकागदावर खूण केली. पण माझा कुणावर सहज विश्वास बसत नाही, नवऱ्यावर तर नाहीच. मी त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, दहा पट्ट्या उचलून कशाही मिसळल्या आणि क्रमांक झाकून एकेक त्यांच्या नाकाखाली धरली. दहाच्या दहा बरोबर आल्या. ते म्हणाले, "पाव भाजायला गेलो नसतो तर मीही इथे काकू झालो असतो."

पट्ट्यांना डावं-उजवं कळत होतं. प्रत्येक पट्टीने आपल्या हाताचे रेणू धरले होते आणि दुसरे सोडून दिले होते. फक्त एकाच नळीत निम्म्या पट्ट्या डाव्या होत्या आणि निम्म्या उजव्या. निम्म्यांनी डावं प्यायलं, उरलेल्या निम्म्यांनी उजवं, आणि नळीतून खाली आलं ते पुन्हा सारखंच. दोन्ही नळ्यांत तेच. आठ वेळा आलेला शून्य खरा होता आणि त्याचा आम्ही लावलेला अर्थ साफ चुकीचा होता. भिंगरीच्या हातांनी पहिल्या दिवसापासून बरोबर काम केलं होतं.

मग डाव्यात उजव्या मिसळल्या कशा? वीस आणि एकवीसच्या मधे काय झालं होतं? हे मला आठवायला एक क्षण पुरला, आणि तो क्षण संपला तेव्हा मी स्टुलावर बसले होते.

डाव्या आणि उजव्या पट्ट्या डोळ्यांना अगदी सारख्या दिसतात. मी त्या सगळ्या एकाच मोठ्या परातीत धुवायची, कारण दोन पराती म्हणजे दुप्पट द्रावण वाया. नंतर निवडायच्या कशा, तर सिनेमाच्या चष्म्याने. त्रिमिती सिनेमाला देतात तो. त्याची एक काच एका बाजूला वळणारा प्रकाश आत सोडते, दुसरी काच दुसऱ्या बाजूचा. डावी पट्टी काळ्या कागदावर ठेवून एकेक डोळा मिटून बघायची. डाव्या काचेतून ती झगझगीत हिरवी दिसते आणि उजव्या काचेतून काळी ठिक्कर. उजव्या पट्टीचं नेमकं उलट. भिंगरी चष्मा लावून सांगायची, "डावी, उजवी, उजवी, डावी," आणि मी क्रमांक घालून त्या त्या नळीत भरायची.

नळ्या भरायच्या दिवशी सकाळी वीस-वीस पट्ट्या झाल्या आणि भिंगरी तासाला गेली. चष्मा स्टुलावर होता. मी त्याच्यावर बसले. दांड्या मोडल्या, चौकट फुटली, काचा सुट्या झाल्या. मी काही हातपाय गाळून बसणारी बाई नाही. हातमोज्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, दोन गोल भोकं पाडली, काचा त्या मापाच्या गोल कातरल्या (त्या पातळ प्लास्टिकच्याच असतात) आणि चिकटपट्टीने बसवल्या. अशा काचेची आतली बाजू बाहेर गेली तर चष्मा निकामी होतो, हे मला ठाऊक होतं. म्हणून कुठली बाजू पुढे आणि कुठली मागे, हे मी डोळ्यांत तेल घालून दहा वेळा तपासलं. एका काचेच्या कडेला लाल डाग होता, तो नखाने खरवडून काढला. मला घाण चालत नाही.

तो डाग नव्हता. भिंगरीने डावी काच ओळखू यावी म्हणून लावलेला नखरंगाचा ठिपका होता. मी पुढचं-मागचं दहा वेळा तपासलं आणि डावं-उजवं एकदाही नाही. डावी काच उजवीकडे गेली आणि उजवी डावीकडे. जेवणानंतरच्या चाळीस पट्ट्या एकूणएक उलट्या नळ्यांत भरल्या गेल्या.

आमचे हे डबा हातात धरून माझ्याकडे बघत होते. "काय झालं?"

"चूक झाली," मी म्हटलं. "माझी."

त्यांनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं, तेव्हा त्यांना थोडा वेळ देणं भाग होतं.

माझ्या मनात काय आलं तेही सांगते. पट्ट्या नीट निवडून पुन्हा भरायला मला दोन तास लागले असते. नळ्या तिच्या हातात देऊन म्हटलं असतं, "शेवटचं एकदा करून बघ, माझ्यासाठी." आकडा आला असता, सगळे आनंदात नाचले असते आणि चष्म्याचं नाव कुणी काढलं नसतं. माझी अठ्ठावीस वर्षं शाबूत राहिली असती. पण मग ते आठ शून्य तिच्या नावावर राहिले असते. आयुष्यभर तिला वाटलं असतं की आपल्या हातांनी आठ वेळा दगा दिला आणि नवव्यांदा नशिबाने हात दिला. तिला असं वाटायला नको होतं. मला तिचे हात पुन्हा फिरताना बघायचे होते.

मी वर विद्यार्थ्यांच्या खोलीत गेले. ती पत्र लिहीत होती, तीन ओळी झाल्या होत्या.

"ते राहू दे," मी म्हटलं. "खाली चल. आणि चालता चालता ऐक, नाहीतर मला सांगायचा धीर होणार नाही."

जिन्यात सगळं सांगितलं. चष्म्यावर बसले ते, पुठ्ठा, ठिपका, वीस-एकवीस, ह्यांचं नाक. ती मधल्या पायरीवर थांबली.

"काकू, मी ठिपका शोधला होता," ती म्हणाली. "दिसला नाही. मग म्हटलं, काकूंनी जोडलाय म्हणजे बरोबरच असणार."

"हो. हीच तर अडचण झाली."

"म्हणजे माझ्या पट्ट्या..."

"तुझ्या पट्ट्यांना काही झालेलं नाही. तुझ्या हातांनाही नाही."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडणार, पण ती हसायला लागली आणि हसता हसता पायरीवर बसली. "काकू, तुम्ही बसलात? चष्म्यावर?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होती. वरच्या मजल्यावरून दोघं जण डोकावून गेले. मी तिच्याशेजारी उभी राहिले आणि अठ्ठावीस वर्षांची अब्रू जिन्यावरून घरंगळत जाताना बघत होते, आणि मलाही हसू फुटलं.

खाली आमचे हे दोन ढीग करून तयार होते. हातमोजे घालून, टोकाला धरून, सगळ्या ऐंशी पट्ट्या त्यांनी वेगळ्या केल्या होत्या. मी सांगितलं होतं हात लावायचा नाही, पण ऐकतो कोण. भिंगरीने पुठ्ठ्याचा चष्मा लावून दोन्ही ढीग तपासले. पुदिन्याच्या ढिगातली प्रत्येक पट्टी एका काचेतून झगझगीत, दुसरीतून काळी. शहाजिऱ्याच्या ढिगाचं नेमकं उलट. ऐंशीत एकही चुकली नव्हती.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही कुठे शिकलात हे?"

"भट्टीवर," ते म्हणाले.

आता पट्ट्यांत अडकलेलं तेल बाहेर काढून यंत्राला विचारायचं होतं. दोन स्वच्छ फ्लास्क, दोन वेगळ्या पराती. हो, दोन. द्रावण गेलं तर गेलं. पट्ट्या धुतल्या तशा त्या आमच्या डोळ्यांदेखत तांबड्याच्या पिवळ्या आणि पिवळ्याच्या हिरव्या झाल्या. आधी नुसतं द्रावण यंत्रात घातलं, शून्य आला, तो यायलाच हवा होता. मग पुदिना घातला.

आकडा थोडा हलला, थबकला आणि स्थिर झाला. उणे शून्य पूर्णांक नऊ.

भिंगरीने तो मोठ्याने वाचला नाही. तिने वहीत लिहिला, यंत्रात ठेवायची बाटली धुतली, पुसली आणि शहाजिरे घातलं. अधिक शून्य पूर्णांक नऊ.

खोलीत आम्ही तिघंच होतो. तिने माझे दोन्ही हात धरले आणि मला गोल फिरवलं. माझ्या वयाच्या बाईला असं फिरवू नये, तोल जातो. मी ओरडले नाही. आमच्या ह्यांनी डबा उघडला आणि आम्ही तिघांनी मागच्या दाराच्या पायरीवर बसून तो संपवला. बुधवारपासून मला भूक लागली नव्हती, ती सगळी तेव्हा लागली.

शुक्रवारी सकाळी मॅडमच्या खोलीत भिंगरीने वही पुढे ठेवली. मॅडमनी आकडे दोनदा वाचले. मग विचारलं, "आणि मग आधीचे आठ शून्य?"

"निवडताना आमची चूक झाली, मॅडम," भिंगरी म्हणाली. "आम्ही..."

"आमची नाही," मी म्हटलं. "माझी. चष्मा मी जोडला. काचा मी अदलाबदल करून बसवल्या. हिला तपासावंसं वाटलं होतं, पण माझ्यावर भरवसा ठेवला म्हणून राहिलं."

मॅडमनी चष्मा मागितला. पुठ्ठ्यावर हातमोज्यांचं माप अजून वाचता येत होतं. त्या तो लावून खिडकीपाशी पट्टी बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. एक डोळा मिटायच्या, दुसरा मिटायच्या. मग वळून भिंगरीला म्हणाल्या, "हाताबद्दल मी बोलले ते चुकलं. खात्री नसताना बोलायला नको होतं." आणि मला म्हणाल्या, "काकू, ही चूक वहीत लिहा. तुमच्या अक्षरात. पुढची पोरं वाचतील. चार महिन्यांत हे छापायचं आहे, तेव्हा नळ्या आजच भरायला घ्या."

मी दाराशी पोचले होते तेव्हा त्यांनी हाक मारली. दार लावून घ्यायला सांगितलं. भिंतीवरच्या आपल्याच सहीच्या पाटीकडे पाठ करून त्यांनी दोन पट्ट्या उचलल्या, एक नाकाशी नेली, मग दुसरी. "बावीस वर्षं मी हे वर्गात शिकवतेय," त्या म्हणाल्या, "आणि वास आज घेतला." त्या इतक्या हसल्या की मला त्या पहिल्यांदाच कुणाच्या तरी मोठ्या बहिणीसारख्या वाटल्या.

दुपारी आम्ही नळ्या भरत होतो. भिंगरीने काचा आपापल्या जागी बसवून डाव्या काचेवर नवा ठिपका लावला होता, मोठा, माझ्या नखाला दाद देणार नाही असा. प्रत्येक पट्टी ती बघायची आणि नंतर मी बघायची. मधेच तिचा फोन वाजला. आई होती. तिने फोन खांद्यावर धरला आणि बोलता बोलता दोन्ही हात हवेत फिरवायला लागली. "नाही, सामान नाही आणत. नुसती येतेय, दोन दिवस. अगं, कपाट कशाला रिकामं केलंस, भर ते परत. झालं गं, आलं. सगळं आलं. काय झालं होतं ते काकूंनाच विचार."

तिने फोन माझ्या कानाला लावला. त्या बाईंना मी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांचा आवाज दबलेला होता.

"ती खरंच बरी आहे ना हो? बुधवारी म्हणत होती, माझ्या हातातच काही नाही म्हणून. लहानपणापासून असं कधी बोलली नव्हती."

"तिच्या हातात काही खोट नाही," मी म्हटलं. "चूक माझी होती. मी अठ्ठावीस वर्षं इथे हात बघतेय, इतके चांगले हात मी बघितले नाहीत."

त्यांनी लगेच विचारलं,

"हे तिला सांगितलंत?"

"चुकलं कुणाचं ते काल सांगितलं. बाकीचं नाही."

"मग सांगा. आणि दोनदा सांगा. एकदा सांगितलेलं तिला पटत नाही."

भिंगरी पुठ्ठ्याचा चष्मा लावून, एक डोळा मिटून, एका पट्टीकडे बघत उभी होती. मी फोन बाजूला धरला आणि तिला सांगितलं. मग दुसऱ्यांदा सांगितलं.